बंदराच्या गेटवर माणसं बसली की घाटातली मालगाडी का थांबते?



मुरगाव बंदर, कोळसा आणि रेल्वे हे तीन शब्द आपल्याकडे एकत्रच येतात. बंदराविरुद्ध कुठे मोर्चा निघाला की जेटीवर दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, "चारशे माणसं गेटवर बसून एवढ्या मोठ्या बंदराचं काय वाकडं होणार?" दुसरा म्हणतो, "बसा रुळावर, एका दिवसात सगळे हात जोडत येतील." आम्हाला वाटतं, दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. बंदर थोड्या माणसांनीही थांबतं हे खरं. पण थांबलं की त्याचा फटका कोणाला बसतो, हे आपण कुठे बसलो त्यावर ठरतं. आज त्याबद्दलच लिहितो आहोत. जगात आणि आपल्याकडे घडलेल्या चार गोष्टी सांगतो, मग निर्णय ज्याचा त्याने करावा.

ट्रक वळतो, मालगाडी वळत नाही

आधी हे काम चालतं कसं ते बघू. ट्रकवाल्याला पुढे रस्ता बंद दिसला तर तो गाडी वळवतो, दुसऱ्या वाटेने जातो, नाहीतर धाब्यावर थांबतो. मालगाडीला यातलं काहीच जमत नाही. आपल्याकडे कोळशाच्या एका रेकला अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे असतात आणि एका डब्यात साठ टनांच्या आसपास माल बसतो. म्हणजे एका गाडीत साडेतीन हजार टन. वीस टनांचा ट्रक धरला तर पावणेदोनशे ट्रक झाले. एवढं लांबलचक धूड उभं करायलाही ठरावीक लांबीचा रूळ लागतो. तो नसेल तर ती गाडी मुख्य मार्गावरच उभी राहणार आणि मागच्या सगळ्यांची वाट अडवणार.

हे आपल्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो. बंदी उठली, ऑगस्टच्या सुरुवातीला दहा बोटी एकदम भरून आल्या. जेटीला जागा तीन बोटींची, आणि मासळी उतरवणारे कामगार त्या दिवशी कामावर नाहीत. पहिल्या तीन बोटी लागल्या आणि तशाच राहिल्या. उरलेल्या सात पाण्यात उभ्या. बर्फ वितळतोय, तांडेल फोनवर फोन करतोय, तिकडे मासळी घ्यायला आलेल्या गाड्या रिकाम्या. तरी आपल्या बोटीला दुसऱ्या जेटीवर जाता येतं. मालगाडीची ही जेटी एकच आणि तिकडे जायची वाटही एकच.

मुरगावातून कोळसा बाहेर जातो. म्हणजे रिकामे डबे बंदरात येतात आणि भरलेले घाट चढून कर्नाटकात बळ्ळारी भागातल्या पोलाद कारखान्यांकडे जातात. आता बंदराच्या गेटवर माणसं बसली असं धरा. कामगारांची पाळी आत गेली नाही, डबे भरणारी यंत्रं बंद. आत उभी असलेली रिकामी गाडी रिकामीच राहिली. तिच्या मागची गाडी यार्डात अडकली. यार्ड भरलं की तिसरी गाडी आधीच्या कुठल्या तरी स्टेशनात बाजूच्या रुळावर लावावी लागते. जिथे मार्ग एकेरी आहे, तिथे समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग अशाच स्टेशनातल्या रुळांवर होतं. ते रूळ मालगाड्यांनी अडवले की प्रवासी गाडीलाही उशीर होतो. तिकडे कारखान्यात कोळसा संपत येतो, इकडे जहाज नांगर टाकून उभं आणि त्याचं भाडं चढतंय. डबे वेळेत मोकळे झाले नाहीत तर रेल्वे डब्यामागे तासाच्या हिशेबाने दंड लावते, त्याला डेमरेज म्हणतात.

त्यात आपला घाट. कुळे ते कॅसलरॉक हा सव्वीस किलोमीटरच्या आसपासचा टप्पा, चढ सदतीसात एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भरलेल्या गाडीला तिथे मागेपुढे जादा इंजिनं लावावी लागतात. एका गाडीचं वेळापत्रक चुकलं की ती इंजिनं आणि त्यांचे चालक चुकीच्या टोकाला अडकतात. म्हणून गेट दुपारी उघडलं तरी गाड्या दुपारी सुरळीत होत नाहीत. रांग उलगडायला पुढे कितीतरी वेळ जातो.

आता त्या चार गोष्टी.

लाँगव्ह्यू : ज्याच्याशी भांडण, त्याचीच गाडी

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीवर लाँगव्ह्यू नावाचं बंदर आहे. समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास, पण मोठी जहाजं नदीतून आतपर्यंत येतात. तिथे ईजीटी या कंपनीने सुमारे वीस कोटी डॉलर खर्चून धान्य चढवायचं नवीन टर्मिनल बांधलं. आतल्या भागातून शेकडो मैलांवरून शंभर-सव्वाशे डब्यांच्या गाड्यांनी धान्य यायचं आणि जहाजात भरून आशियाकडे निघायचं, अशी योजना.

त्या किनाऱ्यावर बंदरातलं काम आयएलडब्ल्यूयू या गोदी कामगार संघटनेकडे १९३० च्या दशकापासून आहे. लाँगव्ह्यूची तिची शाखा लहान, सभासद सव्वादोनशेच्या आसपास. बंदराची जागा घेताना झालेल्या करारानुसार हे काम आपल्यालाच मिळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने दुसऱ्याच संघटनेची माणसं ठेकेदारामार्फत आणली. वाद इथे सुरू झाला.

१४ जुलै २०११ ला शेकडो माणसं रुळावर जाऊन उभी राहिली आणि टर्मिनलकडे येणारी धान्याची गाडी अडवली. त्यानंतर बीएनएसएफ या रेल्वे कंपनीने त्या टर्मिनलच्या गाड्याच थांबवल्या. जवळजवळ दोन महिने तिथे गाडी गेली नाही. इथे आपण लक्षात घ्यायची गोष्ट अशी की रेल्वेचं त्या कामगारांशी काहीच भांडण नव्हतं. पण रुळावर माणूस असेल तर चालक गाडी पुढे नेत नाही, आणि गाडी तिथे अडकून राहणार असेल तर डबे, इंजिन आणि चालक तिथे गुंतवून ठेवणं रेल्वेला परवडत नाही. तिकडे चालकाला बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी करता येत नाही, असा कायदाच आहे. वेळ संपली की गाडी आहे तिथे सोडून दुसरा चालक आणावा लागतो. म्हणून रेल्वे स्वतःच हात आखडता घेते.

७ सप्टेंबरला गाडी पुन्हा निघाली. वाटेत एकदा आणि लाँगव्ह्यूला एकदा अडवली गेली, अटका झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचशेच्या आसपास माणसं टर्मिनलमध्ये घुसली. डब्यांच्या ब्रेकच्या नळ्या कापल्या गेल्या, धान्य खाली सांडलं. त्याच दिवशी सिएटल आणि टॅकोमासारख्या मोठ्या बंदरांतही कामगार आले नाहीत आणि तिथलं काम थांबलं. पण या तोडफोडीची किंमतही मोजावी लागली. न्यायालयाने आधीच मनाई केली होती, ती मोडली म्हणून संघटनेला अडीच लाख डॉलरचा दंड झाला. लहान शाखेला ती रक्कम साधी नव्हे.

शेवट मात्र टेबलावर झाला. राज्याच्या गव्हर्नर ख्रिस्तीन ग्रेगॉयर यांनी मध्यस्थी केली आणि २०१२ च्या सुरुवातीला समझोता होऊन काम त्या संघटनेकडे आलं. आमच्या मते यश मिळालं ते दोन कारणांनी. मागणी एका वाक्यात सांगता येत होती, आणि अडवलेली गाडी ज्या कंपनीशी भांडण होतं तिच्याच मालाची होती.

कॅनडा : एका जागी बसले, देश थांबला

दुसरी गोष्ट फेब्रुवारी २०२० ची. कॅनडाच्या पश्चिमेला वेट्सुवेटेन नावाच्या आदिवासी समाजाच्या जमिनीतून गॅसची पाइपलाइन जाणार होती. त्यांच्या परंपरेने आलेल्या प्रमुखांचा तिला विरोध होता. ६ फेब्रुवारीला पोलिसांनी तिथे कारवाई सुरू केली आणि देशभर लोक पाठिंब्याला उतरले. व्हँकुव्हर बंदराच्या वाटा लोकांनी अडवल्या, तिथे पन्नासाहून जास्त जणांना अटक झाली. प्रिन्स रूपर्ट बंदराकडे जाणारा रेल्वेमार्ग न्यू हेझल्टनजवळ अडवला गेला.

पण सगळ्यात मोठा परिणाम झाला तो तिथून हजारो किलोमीटर लांब, ओंटारिओ प्रांतात. टायेंडिनागाच्या मोहॉक लोकांनी टोरोंटो-मॉन्ट्रियल मार्गाच्या कडेला मुक्काम ठोकला. माणसं फार नव्हती. पण हा मार्ग म्हणजे देशाच्या पूर्व भागाची मुख्य शीर. १३ फेब्रुवारीला सीएन या रेल्वे कंपनीने पूर्वेकडची सगळी वाहतूक टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. प्रवासी गाड्या जवळजवळ सगळ्या रद्द झाल्या. हॅलिफॅक्स बंदरात कंटेनर उतरवून पुढे न्यायची सोयच राहिली नाही, म्हणून काही जहाजं दुसऱ्या बंदरांकडे वळवली गेली. पूर्वेकडे ऐन हिवाळ्यात घरं आणि गोठे गरम ठेवायच्या प्रोपेन गॅसची टंचाई झाली.

आणि पहिला फटका कोणाला बसला? सीएनने साडेचारशे कामगारांना तात्पुरतं घरी बसवलं, प्रवासी रेल्वेने हजाराच्या आसपास लोकांना. पाइपलाइन बांधणाऱ्या कंपनीचा त्या मार्गावर एक डबाही नसेल, पण शेतकरी, लाकूड कारखान्यातला मजूर, बंदरातला हमाल, सगळ्यांची अडचण झाली. २४ फेब्रुवारीला पोलिसांनी मुक्काम हटवला. पुढे मे महिन्यात सरकारने त्या प्रमुखांबरोबर जमिनीच्या हक्कावर बोलणी करायच्या समझोत्यावर सही केली. म्हणजे लढा अगदीच फुकट गेला असं नाही. पण पाइपलाइन थांबली नाही, २०२३ मध्ये ती बांधून पूर्ण झाली.

लाँगव्ह्यू आणि हे, दोन्हीकडे गाडीच थांबली. पण एका ठिकाणी भांडणातल्या माणसाची गाडी थांबली आणि दुसऱ्या ठिकाणी सगळ्यांची. सगळ्यांचं थांबवलं की बातमी मोठी होते. पण रोज नवीन माणूस आपल्याविरुद्ध उभा राहतो, आणि सरकारलाही "आता हटवावंच लागेल" म्हणायला कारण मिळतं.

विळिंजम : जिथे रेल्वेच नव्हती

तिसरी गोष्ट आपल्या धंदेबंधूंची. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम बंदराचं बांधकाम चालू होतं. किनारा खचतोय, घरं समुद्रात जातायत, बांधकाम थांबवून अभ्यास करा, विस्थापितांना घरं द्या, अशा मागण्या घेऊन १६ ऑगस्ट २०२२ पासून मच्छीमार कुटुंबं बंदराच्या गेटवर बसली. लॅटिन कॅथलिक धर्मप्रांत पुढे होता. समुद्रातून होड्या घेऊनही लोक आले.

तेव्हा त्या बंदराला रेल्वे नव्हती, जहाजंही यायची होती. त्यामुळे थांबलं ते बांधकाम आणि दगड आणणारे ट्रक. गेटवर बसल्याने काम शंभराहून जास्त दिवस अडलं. पण गाड्यांची रांग नाही, कारखान्यात टंचाई नाही, त्यामुळे बाहेर कोणाला घाई झाली नाही. नोव्हेंबरच्या शेवटी हिंसाचार झाला, पोलीस स्टेशनवर हल्ला झाला, शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. ६ डिसेंबरला सरकारशी बोलून आंदोलन मागे घेतलं गेलं. सगळ्या मागण्या काही मान्य झाल्या नाहीत. मधल्या साडेतीन महिन्यांत ज्यांनी समुद्रावर जायचे दिवस बुडवले, त्यांच्या घरातली चूल कशी चालली असेल ते आपल्याला सांगायला नको.

आपल्याकडे : चांदरचे रूळ आणि मोलेचं जंगल

आता घरचं. मुरगावची रेल्वे पोर्तुगीज काळातली, १८८० च्या दशकात ती घाटापलीकडे जोडली गेली. ती बांधली तीच मुळी बंदरासाठी. आज तिच्यावरून कोळसा जातो. वास्कोत कोळशाच्या धुळीची तक्रार जुनी आहे. २०१७ मध्ये बंदरातल्या वाढीव कामांवर जनसुनावणी झाली तेव्हा लोक दिवसच्या दिवस बोलत होते आणि त्यात मच्छीमारही होते.

मार्ग दुपदरी करायचं ठरलं तेव्हा विरोध गावागावांत पोचला. रेल्वेचं म्हणणं, प्रवासी आणि माल दोन्हींसाठी मार्ग हवा. विरोधकांचं म्हणणं, हे कोळशासाठी आहे, आमच्या घरांना हादरे बसतात. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला हजारो लोक जमले आणि पहाटेपर्यंत रुळांपाशी बसून राहिले. पुढे काहींवर गुन्हेही दाखल झाले.

पण घाटातलं दुपदरीकरण अडलं ते कागदावर. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून हा मार्ग जातो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने तपासणी केली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. नीट अभ्यास करून नव्याने अर्ज करायची वाट मात्र मोकळी ठेवली. चांदरची रात्र झाली नसती तर हा विषय घराघरांत गेला नसता, हे आम्ही मानतो. पण नुसती ती रात्र असती आणि कोणी फाइली चाळल्या नसत्या, तर काम थांबलं नसतं.

रांपणकारांचंही तसंच झालं होतं. ट्रॉलरविरुद्ध सत्तरच्या दशकात आपले लोक मातानी साल्ढाणांबरोबर रस्त्यावर उतरले, पण हाती टिकून राहिला तो १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा. आज आपल्यात ट्रॉलरवालेही आहेत आणि रांपणकारही, तेव्हा त्या जुन्या वादात इथे जात नाही. सांगायचं एवढंच की गर्दीने दार उघडतं, पण आत जाऊन कागद आणावा लागतो.

हाक आली तर

उद्या कोणी बंदर बंदची हाक दिली तर जायचं की नाही, हे सोसायटी सांगणार नाही. सभासदांत बंदरात कामाला जाणारे आहेत, कोळशाच्या धुळीने त्रासलेलेही आहेत. पण जाण्याआधी हाक देणाऱ्याला चार प्रश्न जरूर विचारा.

पहिला, आपली मागणी एका वाक्यात काय आहे आणि ती पुरी करायचा अधिकार कोणाकडे आहे? मागणी मुंबई किंवा दिल्लीच्या ऑफिसकडे आणि आपण बसलोय वास्कोच्या गेटवर, असं होऊ नये.

दुसरा, अडणार आहे तो माल कोणाचा? त्यात खत, धान्य, डिझेल किंवा आपल्याच निर्यातीचा गोठवलेला माल असेल तर? कोलंबी आणि माणकी कंटेनरमधून जातात. कंटेनरची वीज चालू राहिली तर माल टिकतो, पण उशीर झाला तर घेणारा भाव पाडतो. तो पडलेला भाव फिरून जेटीवरच येतो.

तिसरा, गेटवर बसायचं की रुळावर? दोन्हींत मोठा फरक आहे. भरलेली मालगाडी वेगात असेल तर ब्रेक लावल्यावरही एक किलोमीटर किंवा त्याहून पुढे जाऊन थांबते. चालकाला माणूस दिसला म्हणजे गाडी थांबलीच, असं समजू नका. रात्री, वळणावर, पावसात तर नाहीच नाही. मुलांना आणि म्हाताऱ्यांना रुळावर नेऊ नका, हे आम्ही हात जोडून सांगतो. शिवाय रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७४ प्रमाणे रुळावर बसून गाडी अडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड लहान वाटतो. पण तरुण पोराच्या नावावर गुन्हा राहिला तर पासपोर्ट आणि जहाजावरची नोकरी दोन्ही अडतात. आपल्या किती घरांतली मुलं जहाजावर आहेत ते मोजा.

चौथा, उठायचं कधी? बसताना सगळे असतात, उठायचं कोणी ठरवायचं हे आधी ठरलेलं नसतं. सरकारने काय लिहून दिलं की उठायचं, ते लिहून ठेवा. आणि तोपर्यंत बोटी बंद राहिल्या तर खलाशांच्या घरी काय पोचवायचं, तेही.

मालगाडी थांबवणं सोपं आहे, कारण ती वळू शकत नाही. आपल्यासारख्या थोड्या माणसांच्या हातात एवढी ताकद क्वचित येते. म्हणूनच ती वापरताना समोरच्या डब्यात कोणाचा माल आहे, एवढं तरी बघून घ्यावं.

तुमचं मत जरूर कळवा. पटलं नसेल तर तेही कळवा. पुढच्या सर्वसाधारण सभेत या विषयावर अर्धा तास ठेवला आहे. बोटमालकांनी खलाशांनाही घेऊन यावं, कारण काम बंद पडलं की पहिला रोज बुडतो तो त्यांचा.